‘येतो’ म्हणाला, पण गेला का?

अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहाल का, असा फोन आला तेव्हा मला पहिली शंका आली ती नंबर चुकल्याची. दुसरी आली की आता हे शिक्षण विचारणार. त्यांनी विचारलं नाही, म्हणून हो म्हणालो. फोन ठेवल्यावर तिसरी आली. विचारलं का नाही? म्हणजे कुणीतरी आधीच सांगितलेलं असणार.

स्वभावच असा आहे, त्याला काय करणार. नशीब एवढंच की ज्या धंद्यात पोटाला लागलो तिथे हा स्वभाव खपून गेला. नववीत शाळा सुटली. यवतमाळकडच्या आमच्या गावातून निघालो तो विरारला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टेकलो, फुलपाड्यात खोली घेऊन राहिलो. एकदा वसईजवळच्या गिरीजच्या लोपीस सरांचा जळलेला पॉवर सप्लाय बदलायला गेलो आणि तिथलाच झालो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सर मुंबईतली मोठी नोकरी सोडून घरी बसून परदेशी क्लायंटची कामं करत होते. पॉवर सप्लाय बसवल्यावर पडद्यावर जे चाललं होतं ते बघत मी जरा जास्तच रेंगाळलो असणार. सर म्हणाले, “कळतं का यातलं?”

“कळत नाही सर. पण घरी हेच चालवून बघतो. मासिकाबरोबर सीडी मिळते, तिच्यावरून.”

“बंद पडतं?”

“रोज.”

“मग उद्यापासून इथे येऊन बंद पाड.”

मुलाखत म्हणायची तर एवढीच. सर्टिफिकेट त्यांनी मागितलं नाही, आणि मी ते नसल्याचं सांगितलं नाही. पुढे सगळा काळ मी या एका न विचारलेल्या प्रश्नाच्या सावलीत काढला. सर चांगले वागले की जास्तच धाकधूक व्हायची. यांना कळलं तर?

ऑफिस म्हणजे सरांच्या घराचा वरचा मजला. खाली सरांची आई, मागे केळीची वाडी, नारळ, थोडी भाजी. गॅलरीतून हात लांब केला तर केळीच्या पानाला लागायचा. मुंग्यासुद्धा त्याच वाटेने आत यायच्या आणि थेट कॉम्प्युटरच्या डब्यात शिरायच्या. आत ऊब असते ना.

आता काम काय होतं ते सांगतो. वाडीच्या भाषेतच सांगतो, कारण मलाही ते तसंच समजलं होतं.

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर असतो. खरं काम तो करतो. त्याला गडी समजा. आणि गड्यांना कामं वाटून देणारा एक प्रोग्राम असतो, सगळ्या प्रोग्रामांच्या तळाशी, त्याला कर्नल म्हणतात. तो मुकादम. कुठला गडी रिकामा, कुणाच्या हातात काय, कुणाला कधी हाक मारायची, हे सगळं त्याच्या डोक्यात. आता गंमत अशी, की त्या सुमारास एका मोठ्या मशीनच्या पोटात अनेक खोटी मशीनं चालवायची टूम निघाली होती. प्रत्येक खोट्या मशीनला वाटतं, आपण स्वतंत्र. प्रत्येकात एक मुकादम, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं की हे गडी आपले. गडी असतात सगळे खालच्या मालकाचे. मालक म्हणजे ही सगळी सोंगं सांभाळणारा सगळ्यात खालचा प्रोग्राम. त्याला वाटेल तेव्हा तो गडी देतो, वाटेल तेव्हा उचलतो. मुकादमाला तो दिसत नाही. विचारलं तर उत्तर तेवढं देतो.

क्लायंटला हवं होतं ते असं: मशीन बंद न करता, चालू कामात गडी वाढवता यावा आणि काम कमी झालं की चालू कामातच काढून घेता यावा. याला हॉटप्लग म्हणतात. गडी वाढवणं सोपं. काढणं अवघड. मध्येच सांगायचं, बाबा रे, टोपली खाली ठेव. त्याची अर्धवट कामं दुसऱ्यांच्या हातात द्यायची, त्याने लावलेले गजर दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवायचे, कुणी त्याची वाट बघत बसलं नाही ना हे बघायचं, मग त्याने मालकाला सांगायचं, मला उचल. यातलं एक जरी राहिलं तर सगळी वाडी त्याच्या नावाने हाका मारत बसते आणि मशीन गोठतं.

मुकादमाला हे सगळं शिकवणारा कोड सर लिहायचे. माझं काम तो मोडायचं. प्रोसेसर काढ, घाल, काढ, घाल. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, तो दम न घेता हे करत राहायचा. पडद्यावर इंग्रजी ओळींचा पूर वाहायचा, त्यात आपल्या ओळी चटकन दिसाव्यात म्हणून सरांनी त्या रोमन अक्षरांत पण मराठीत ठेवल्या होत्या. नवा प्रोसेसर आला की तो लिहायचा ‘आलो’. जाताना लिहायचा ‘गेलो’. ते दिसलं की मी मोठ्याने म्हणायचो, “गेला!”

एकदा दुपारी मी असाच लागोपाठ ओरडत होतो. “हा पण गेला! सर, तिसरापण गेला!” तर जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि सरांची आई दारात. पदर हातात, चेहरा पांढरा.

“कोण गेला?”

सर म्हणाले, “कोणी नाही गो आई. प्रोसेसर गेला.”

“कुठल्या गावचा?”

मला हसू आलं ते मी गिळलं. सरांनी समजावून सांगितलं, त्यांना पटलं नाही. घरात सरांचे वडील जाऊन वर्ष झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, “काय ते करा. पण भरल्या घरात दिवसभर गेला गेला काय? माणूस निघाला तर ‘येतो’ म्हणतो. तुमच्या त्या मेल्याला तेवढं शिकवा.”

सरांनी त्यांच्यासमोर तो शब्द बदलला. तेव्हापासून आमचा प्रोसेसर जाताना लिहायचा ‘येतो’. मीही ओरडायचो, “येतो म्हणाला!” आई खालून म्हणायच्या, “हां. असं.”

पुढे अनघा मॅडम आल्या, आणि माझी झोप गेली.

मॅडम इंजिनियर, मुंबईतल्या चांगल्या कॉलेजातून शिकलेल्या. राहायला फुलपाड्यातच, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. हीसुद्धा मला सरळ गोष्ट वाटली नाही. पहिल्याच दिवशी डबा उघडता उघडता त्यांनी विचारलं, “तुम्ही कुठून?”

“यवतमाळकडून.”

“नाही, म्हणजे कॉलेज कुठलं?”

“तिकडचंच,” मी म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो. परत आलो तर त्या माझ्याकडे बघत होत्या. मी ठरवून टाकलं, ही बाई मला तपासायला आणलीय.

त्याच आठवड्यात मशीन गोठायला लागलं. रोज नाही. कधी तासाभरात, कधी दिवसभर काही नाही. आणि फक्त माझंच. मॅडमच्या टेबलावर तोच कोड, तसंच मशीन, त्या शांतपणे एक प्रोसेसर काढायच्या, बघायच्या, घालायच्या, बघायच्या. काही व्हायचं नाही. सर विचारायचे, “तुझ्याच मशीनवर का रे?” ते नेहमीच्याच सुरात विचारायचे, पण मला त्यात ‘तुझ्याच’ एवढाच शब्द ऐकू यायचा.

मी मुंग्यांवर संशय घेतला. डबा उघडून झाडला, खाली हळद टाकली. मॅडम म्हणाल्या, “पूजा आहे का?” मग मेमरीवर संशय घेतला, ती बदलली. मग विजेवर. मग मॅडमवर. मी जेवायला खाली गेलो की या माझ्या मशीनला हात लावत असतील, अशी शंका येऊन मी डबा टेबलावरच खायला लागलो. आणि त्यांच्या पाठीमागे बसून, त्या काय करतात त्यावर डोळा ठेवला.

शेवटी क्लायंटच्या मशीनवरही एकदा गोठलं. त्यांची मेल आली. सरांनी ती मोठ्याने वाचली, पण अर्ध्यावर थांबले. उरलेली मी नंतर सरांच्या खांद्यावरून वाचली. हा दोष कशामुळे ते लवकर कळवा, नाहीतर काम दुसरीकडे द्यावं लागेल. आणि या कामात असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि शिक्षण पाठवा, विशेषतः टेस्टिंग करणाऱ्याचं.

झालं, म्हटलं.

त्यानंतर सर आणि मॅडम गॅलरीत हळू आवाजात बोलत उभे राहायचे, मी आलो की गप्प. सरांची आई आणि सर जिन्यात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे. ती मला ओ की ठो कळायची नाही, आणि न कळणारं सगळं बोलणं माझ्याबद्दलच असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. एकदा मात्र नीट मराठीत माझं नाव कानावर आलं. मॅडम म्हणत होत्या, “सर, गजाननला सांगावं तर लागेलच. किती दिवस लपवणार?”

आणि सर म्हणाले, “मी सांगतो. त्याला वाईट वाटणार नाही असं सांगतो.”

त्या दुपारी मी ठरवलं की सांगितल्यावर जाण्यापेक्षा आपणच निघालेलं बरं. ज्या माणसाने कागद न बघता घरात घेतलं, त्याच्यावर आपल्याला काढायची वेळ कशाला आणायची? कृतज्ञ माणसाचं डोकं असं चालतं. टेस्टिंगचा प्रोग्राम सुरू करून दिला, डबा पिशवीत टाकला, गॅलरीच्या दाराशी चपला घातल्या.

“सर, येतो.”

“अरे, आत्ता? बरं, ये.”

सरांनी मानसुद्धा वर केली नाही. त्यांना वाटलं असेल, बरं नसेल याला. मी दाराबाहेर पायरीवर आलो. आणि तिथून पाय निघेना. चपला घातलेल्या, पिशवी खांद्याला, आणि मी आपला कठड्याला धरून केळीकडे बघत उभा. खाली उतरलो असतो तर ते कायमचं उतरणं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

आतून सरांचा आवाज आला, “अनघा, गजा गेला ना? मग त्याच्या मशीनवर बस तू जरा. तिथेच गोठतं ते, आपण बघू तरी.”

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. माझ्या खुर्चीचा. मी वळलो आणि आत डोकं घातलं. “मॅडम, नका बसू. मी आहे अजून.”

मॅडम खुर्चीत अर्ध्या टेकलेल्या, तशाच राहिल्या. “तुम्ही गेला होतात ना?”

“येतो म्हणालो होतो.”

“मग?”

“मग काय. निघालोय. उभा आहे.”

सर हसायला लागले. “आपल्यात कोण ‘येतो’ म्हणून लगेच जातो? माझ्या आईचे पाहुणे येतो म्हणतात, चपला घालतात आणि मग फाटकाशी खऱ्या गप्पा सुरू होतात. तोवर आत कपबशासुद्धा विसळून झालेल्या असतात.”

मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्या पडद्याकडे बघत होत्या. मशीन गोठलं होतं. शेवटून दुसरी ओळ होती ‘येतो’. शेवटची ओळ, त्याच प्रोसेसरला परत बोलावल्याची. पुढे काही नाही.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “तो गेलेलाच नाहीये.”

“कोण, गजा?”

“गजानन पण नाही, आणि आपला प्रोसेसर पण नाही. तो येतो म्हणाला, आणि आपण त्याची खुर्ची काढून घेतली. तो दारातच उभा आहे.”

सर उठून आले. मी चपला घालूनच आत आलो, पहिल्यांदाच. तिघं त्या दोन ओळींवर वाकलो. मग सरांनी कपाळावर हात मारला.

झालं होतं ते असं. प्रोसेसर ‘येतो’ लिहायचा आणि मगच मालकाला सांगायचा, मला उचल. मालक त्याच्या सवडीने उचलायचा. सवड म्हणजे आपल्या डोळ्याचं पातं लवण्याच्या आतली, पण मशीनच्या हिशेबात तेवढ्यात पुष्कळ काही होतं. आमचा मुकादम मात्र ‘येतो’ ऐकलं की गडी गेला असं धरून त्याची जागा मोडायचा. मॅडम हाताने काम करत होत्या, सावकाश, तोवर मालकाने गडी उचललेला असायचा. माझा प्रोग्राम दम घ्यायचा नाही. तो लगेच म्हणायचा, बोलाव त्याला परत. मुकादम मालकाकडे गडी मागायचा. मालक म्हणायचा, अरे, तो तुझ्याकडेच आहे की. आणि मग जो गेला नव्हता तो येण्याची वाट बघत सगळे थांबून राहायचे.

पहिला शब्द ‘गेलो’ तसाच राहिला असता तर आम्ही त्या ओळीकडे कधी बघितलंच नसतं. गेलो म्हटल्यावर गेला, त्यात काय बघायचं? खोटं बोलत होता तो तेव्हाही. आईंनी त्याला निदान खरं बोलायला लावलं होतं, आणि ते खरं आम्हाला, तीन मराठी माणसांना, ऐकू आलं नव्हतं.

उपाय मॅडमनी लिहिला, सरांनी दोनदा खोडून सुधारला. छोटासाच होता. गडी ‘येतो’ म्हणाला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मालकाला विचारायचं, तो अजून आहे का? आहे म्हणाला तर थोडं थांबायचं आणि परत विचारायचं. अजून आहे का? नाही म्हणेपर्यंत विचारत राहायचं. त्यानंतरच खुर्ची उचलायची. मी आयुष्यभर जे करत आलो तेच, फक्त ते कोडमध्ये लिहिल्यावर त्याला काळजी म्हणतात.

माझ्या प्रोग्रामने ते मशीन दिवसचे दिवस पिळलं. गोठलं नाही. मी मात्र गोठलेलाच होतो, कारण जे ‘सांगावं लागेल’ ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी न राहवून मीच मॅडमना विचारलं, “तुम्ही सरांना म्हणाला होतात, गजाननला सांगावं लागेल. ते काय होतं?”

त्यांचा चेहरा पडला. “ऐकलंत तुम्ही? अहो, माझी मुलगी लहान आहे. सासूबाईंचे गुडघे धरलेत. मला रोज चारला निघावं लागणार होतं, म्हणजे माझं उरलेलं टेस्टिंग तुमच्या गळ्यात. तुम्ही आधीच माझ्यावर डोळा ठेवून असता. मला वाटायचं, सरांनी तुम्हाला माझ्या पाठीमागे बसवलंय, मी किती काम करते ते बघायला.”

“मला?”

“मग? डबासुद्धा जागेवर खाता. कुठे हलत नाही.”

मग त्यांनी त्यांच्या डब्यातला वालाच्या बिरड्याचा वाटा माझ्या झाकणात घातला. एवढे दिवस तो वास मी संशयाने घेत होतो.

आणि जिन्यातल्या त्या बोलीचं? तेही कळलं. आई सरांना रोज विचारायच्या म्हणे, हा विदर्भातला पोरगा मासे खातो का? विचार ना त्याला. सर विसरायचे.

आता राहिलं क्लायंटने मागितलेलं शिक्षण. सरांनी काय पाठवलं ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की काम पाठवायच्या दिवशी सरांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. या धंद्यात एक रिवाज आहे. कर्नलमध्ये कुणी काही बदल केला की त्याच्या खाली ओळी असतात, हा कुणी लिहिला, कुणी वाचला, कुणी चालवून बघितला. त्या ओळी बदलाबरोबर कायम राहतात, कुणालाही वाचता येतात, आणि त्यांत नाव असतं आणि ईमेलचा पत्ता असतो. तिसरं काही मागत नाहीत.

“चालवून बघितला, इथे तुझं नाव टाक,” सर म्हणाले.

“काऊन सर, माझं कशाला?”

“मग कुणाचं? चालवलास तू.”

मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो. कुणीतरी मागाहून विचारेल, हा कोण, असं वाटत होतं.

“पूर्ण नाव टाक,” सर म्हणाले. “वडिलांच्या नावासकट. नुसतं गजानन म्हणून पाठवलंस तर तुमच्या विदर्भातल्या कुठल्या गजाननाने बघितला ते त्यांना कसं कळणार?”

मी टाकलं. एकेक अक्षर दोनदा तपासून. सरांनी पाठवून दिलं.

त्या संध्याकाळी मी चपला घातल्या, म्हणालो, “सर, येतो,” आणि सवयीने पायरीवर थांबलो. मनात होतं की आता तरी ते म्हणतील, गजा, जरा आत ये, तुझ्या शिक्षणाचं काय ते सांग. आतून सरांचा आवाज आला. ते मॅडमना विचारत होते.

“गेला का?”

खिडकीतून मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

“नाही सर. अजून आहे.”

मग तो रोजचाच खेळ झाला. मी येतो म्हणायचो, सर विचारायचे, मॅडम उत्तर द्यायच्या. मॅडम लवकर निघायला लागल्यावर खालून आई उत्तर द्यायच्या, फाटकाकडे बघून. माझं काय शिकून झालंय ते सरांना कळलं होतं की नाही, याची शंका मला आजही आहे. बहुतेक पॉवर सप्लाय बदलला त्याच दिवशी कळलं असावं. मग सर्टिफिकेट कधी मागितलं का नाही, हे डोक्यात येतं, आणि तिथून पुढे विचार करायला मला भीती वाटते, कारण पुढे फक्त उपकार आहेत.

वरचं ऑफिस आता नाही. सर थकलेत, वाडी भाच्याने घेतलीय, मॅडमची मुलगी नोकरीला लागली. मी अजून याच कामात आहे, दुसऱ्यांचं मोडत असतो. कर्नलची नवी आवृत्ती निघाली की लोक नवीन काय आलं ते बघतात. मी आधी त्या ठिकाणी जातो, जिथे मुकादम मालकाला विचारतो, तो अजून आहे का? आता हे कुणीतरी काढून टाकलं असेल, जुनं झालं म्हणून, अशी शंका दर वेळी येतेच. मग त्या ओळींचा जुना इतिहास उघडतो, चालवून बघणाऱ्याची ओळ शोधतो, वडिलांच्या नावासकट.

अजून आहे.